हृदयाचे पथ्य : एका पदार्थाचे नव्हे, साऱ्या ताटाचे

घरात कुणाला हृदयविकाराचा त्रास झाला, की पहिला प्रश्न येतो तो तेलाचा. करडईचे खावे की सूर्यफुलाचे? त्यापाठोपाठ अंडे, तूप, खोबरे यांची चौकशी होते. एखादा पदार्थ बंद केला, की पथ्य पाळल्याचे समाधान मिळते. मात्र सकाळी चहाबरोबर खारी, दुपारी पोळ्यांची चवड व चमचाभर भाजी, संध्याकाळी फरसाण हा क्रम तसाच चालू राहतो. हृदयाचे आरोग्य एका पदार्थावर नव्हे, तर वर्षानुवर्षे आपण रोज काय खातो यावर ठरते. आपल्याकडे हा विकार पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात गाठतो आणि घरातला कमावता माणूसच आजारी पडतो. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

रक्तवाहिनीत काय घडते?

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या रोहिणींच्या भिंतीत कोलेस्टेरॉल हळूहळू साचत जाते. या साक्याला तडा गेला, की तेथे रक्ताची गुठळी होते, वाट बंद होते आणि झटका येतो. झटका एका क्षणाचा असला तरी त्याची तयारी अनेक वर्षे चाललेली असते.

लोणी, तूप, साय, चरबीचे मटण व पामतेल यांतील संपृक्त स्निग्धांश रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतात. जादा मिठाने रक्तदाब वाढतो व रक्तवाहिन्यांवर ताण पडतो. साखर व मैदा यांच्या अतिरेकाने पोट सुटते आणि मधुमेहाला वाट मिळते. याउलट डाळी, कडधान्ये, भाज्या व फळे यांतील चोथा आतड्यातील पित्ताम्लांना धरून शरीराबाहेर नेतो. ती भरून काढण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. म्हणजेच ताटातून काय कमी केले, इतकेच त्याच्या जागी काय वाढले, हेही महत्त्वाचे असते.

‘कोलेस्टेरॉल नसलेले तेल’ अशा जाहिरातींना भुलण्याचे कारण नाही. कोलेस्टेरॉल हे प्राणिजन्य पदार्थांत असते; शेंगदाणा, करडई, सोयाबीन अशा वनस्पतींच्या तेलांत ते नसतेच म्हटले तरी चालेल. पाहायचे ते तेल कोणते व किती लागते हे.

एका प्रांताचा अनुभव

फिनलंडच्या पूर्वेला उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. दूधदुभते व लाकूडतोड यांवर जगणारे हे कष्टाळू लोक. तरीही १९७० च्या सुमारास तेथील ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने जगात सर्वाधिक प्रमाणात दगावत होते. पावावर लोण्याचा जाड थर, सायीचे दूध, खारवलेले मांस आणि भाज्यांचा तुटवडा असा त्यांचा आहार होता. १९७१ मध्ये लोकांनीच सरकारकडे मदत मागितली व १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली मोहीम सुरू झाली. महिला मंडळांनी गावोगावी कमी लोण्याचा व जास्त भाज्यांचा स्वयंपाक करून दाखवला. लोण्याच्या जागी वनस्पतिजन्य तेल आले, मीठ कमी झाले, धूम्रपानही घटले. सुमारे चाळीस वर्षांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांमधील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक कमी झाले. सुधारलेल्या उपचारांचाही यात वाटा आहे. पण मोठा वाटा आहारामुळे उतरलेल्या कोलेस्टेरॉलचा होता.

आहारातील बदलाचा गुण यायला दरवेळी वर्षे लागतात असेही नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दूध-दही यांवर भर दिला, तेव्हा दोन आठवड्यांतच रक्तदाब उतरला. मीठ व वजन होते तेवढेच ठेवले होते, हे विशेष.

आपल्या घरात काय करावे?

१) मिठाचा हिशेब ठेवा. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभरही नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार मोठ्या माणसांच्या घरात किलोची पिशवी किमान ५० दिवस पुरली पाहिजे. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठ याच हिशेबात येते.

२) तेलासाठी बाटलीऐवजी पळी वापरा. चार माणसांना महिन्याला दोन ते अडीच किलो तेल पुरे. तळणीचे तेल पुनःपुन्हा तापवू नका.

३) भाजी-फळे रोज माणशी ४०० ग्रॅम असावीत. त्यासाठी महाग सफरचंद नको; पेरू, पपई, केळी, मेथी, शेपू, गाजर, काकडी आठवडी बाजारात मिळतात.

४) रोज एका जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी व मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ ठेवा. जवस, कारळे यांची चटणी व मूठभर भाजके शेंगदाणे उत्तम. खारे दाणे मात्र नकोत.

५) उपवासाला साबुदाण्याच्या खिचडीऐवजी भगर, राजगिरा, ताक व फळे घ्यावीत.

६) घरातल्या एकट्या आजारी माणसाला वेगळे, बेचव जेवण देऊ नका. ते पथ्य फार दिवस टिकत नाही. सर्वांचाच स्वयंपाक बदला. त्यात मुलांचेही हित आहे.

सणावाराला पुरणपोळीवर चमचाभर तूप घेतल्याने हृदय बिघडत नाही. बिघडते ते बाकीच्या साडेतीनशे दिवसांनी.

मात्र आहार सुधारला म्हणून रक्तदाब, मधुमेह वा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी फळे व कमी सोडियमचे मीठ याबाबत डॉक्टरांना विचारावे. विडी-सिगारेट व तंबाखू चालूच असेल, तर पथ्याचा बराच लाभ वाया जातो. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसल्यास ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पीत बसू नये. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पुढच्या महिन्याचा किराणा भरण्यापूर्वी यादीवरून एकदा नजर फिरवा. तेल, साखर, मीठ, मैदा किती आणि डाळी-कडधान्ये किती, हे पाहिले की घरातल्या साऱ्यांच्या हृदयाचा अंदाज येईल.