पुष्याशेजारचा ठिपका

कर्क राशीतला पुष्याचा धुरकट पुंजका काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याच्या पूर्वेला जेमतेम साडेतीन अंशांवर एक ठिपका आहे, तो मात्र दिसत नाही. डोळ्यांना कसाबसा जाणवणारा तारा घेतला, तर एरवी या ठिपक्याचा उजेड त्याच्या सुमारे चार हजारांश भरतो. नाव ओजे २८७. ही एक सक्रिय दीर्घिका आहे, ३५० कोटी प्रकाशवर्षांवरची. आज आपल्या दुर्बिणीत पडणारा तिचा प्रकाश निघाला, तेव्हा पृथ्वीवर सूक्ष्मजीवांपलीकडे काही नव्हतं.

एवढ्या लांबून आपल्या हाती येतो तो एकच आकडा: आज ठिपका किती तेजस्वी आहे. उद्या पुन्हा मोजायचा, परवा पुन्हा. कर्क राशी सूर्याच्या वाटेवर असल्याने दुसऱ्याच कशासाठी काचांवर घेतलेल्या जुन्या छायाचित्रांतही हा ठिपका आपसूक उमटत राहिला, थेट १८८०च्या दशकापासून. या काचा कपाटांत जपून ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला अपार आदर वाटतो. त्या नोंदी जुळवल्यावर दिसलं, की दर बारा वर्षांनी ठिपका भडकतो आणि भडके जोडीने येतात. १९८८मध्ये फिनलंडच्या ऐमो सिलनपा आणि सहकाऱ्यांनी अर्थ लावला: तिथे एकाभोवती दुसरं, अशी दोन कृष्णविवरं आहेत.

पुढे याच प्रतिमानात थोरल्याचं वस्तुमान १८०० कोटी सूर्यांइतकं आलं आणि धाकट्याचं १५ कोटी. साध्या हिशेबाने थोरल्याच्या सीमेची त्रिज्या ५३०० कोटी किलोमीटर होते. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतचं अंतर जवळजवळ बारा वेळा मांडा, तेवढी. ही सीमा आरपार ओलांडायची म्हटली तर प्रकाशालाही चार दिवस लागावेत. थोरल्याभोवती तप्त वायूची चकती फिरते. धाकटं दर फेरीत ती दोनदा भेदून जातं आणि दर वेळी एक लाख कोटी ताऱ्यांहून जास्त प्रकाश उसळतो.

पण फेरी कधीच पहिल्या जागी मिटत नाही. बुधाची कक्षाही सरकते, मात्र सापेक्षतेमुळे होणारं तिचं सरकणं शंभर वर्षांत ४३ विकलांचं. इथे एका फेरीत कक्षा ३९ अंश वळते, म्हणजे फेरीमागे बुधाच्या तेरा लाख पटींहून अधिक. म्हणून भडके बरोबर बारा वर्षांनी येत नाहीत, त्यांची तारीख आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढावी लागते. २००७चा भडका १३ सप्टेंबरच्या आसपास भाकिताप्रमाणे आला. गुरुत्वलहरींतून निघून जाणारी ऊर्जा हिशेबात धरली नसती, तर तो वीस दिवस चुकला असता.

मग मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत लंकेश्वर डे आणि ए. गोपकुमार यांनी फिनलंडच्या मौरी वाल्टोनेन यांच्यासह हिशेब आणखी बारीक केला. २०१८मध्ये त्यांनी सांगितलं: ३१ जुलै २०१९, फार तर चार तास इकडेतिकडे. नेमका तेव्हा सूर्य पुष्यात होता. आपल्याकडे ‘म्हातारा’ पाऊस पडत असतो ते दिवस. ठिपका सूर्याच्या उजेडात बुडालेला, जमिनीवरच्या सगळ्या दुर्बिणी आंधळ्या. पृथ्वीपासून २५ कोटी किलोमीटरवर असलेल्या स्पिट्झर दुर्बिणीला मात्र तो त्याच दिवशी दृष्टिपथात आला. भडका दिसला, आणि सांगितलेल्या वेळेला दिसला! जानेवारी २०२०मध्ये स्पिट्झर कायमची बंद झाली.

तरीही सगळे सहमत नाहीत. ऑक्टोबर २०२२मध्ये अपेक्षित असलेला भडका आलाच नाही, असं दुसऱ्या एका गटाने निरीक्षणांतून मांडलं. त्यांच्या मते थोरलं कृष्णविवर साधारण दहा कोटी सूर्यांचं आहे. १८०० कोटी की दहा कोटी, एवढा मोठा वाद एका ठिपक्याच्या उजेडावर चालू आहे. दर वर्षी पावसाळा सरता सरता कर्क पहाटे पूर्वेला पुन्हा वर येते, आणि दुर्बिणी रोजचा आकडा टिपायला लागतात.