गाठ संसर्गाची की कर्करोगाची?

एकाच वाणाची रास आणि सरमिसळ धान्य यांतला फरक भातकुलीचा शेतकरी नजरेनेच ओळखतो. गाठीतील टी पेशींबाबत हेच काम फ्लो सायटोमीटर करतो. बहुतेक टी पेशींच्या रिसेप्टरवर दोनपैकी एकाच प्रकारचा भाग असतो. चमकणारी प्रतिपिंडे त्यातल्या एका प्रकारालाच चिकटतात; लेझरखालून जाताना प्रत्येक पेशी मोजली जाते. संसर्गात दोन्ही प्रकारांची सरमिसळ दिसते. टी पेशींच्या कर्करोगात बहुधा एकाच पेशीची पिलावळ, म्हणून प्रकारही एकच. अंतिम निदान इतर तपासण्या जोडूनच होते. नमुना मात्र ताजा हवा. मानेतली, काखेतली गाठ दोन आठवड्यांत ओसरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावी. परस्पर स्टेरॉइड घेऊ नये. गाठ तात्पुरती दबते आणि निदान हुकते.