विंडोजची रोजची हजेरी

संगणकातली विंडोज विकत घेतलेली आहे की चोरटी, हे तपासण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टने २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर घरोघरी आणली. पंचवीस अक्षर-अंकांची की भरायची आणि तीस दिवसांच्या आत इंटरनेटवरून किंवा फोन करून ती प्रत 'अ‍ॅक्टिव्हेट' करून घ्यायची. एकदा ते झाले की, संगणकाचे बरेचसे भाग बदलले नाहीत तर पुन्हा कोणी काही विचारत नसे.

२००५ पासून चौकशी वाढली. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून बहुतेक गोष्टी उतरवून घेण्याआधी 'विंडोज जेन्युइन अ‍ॅडव्हान्टेज' ही तपासणी पार करावी लागू लागली. सुरक्षेची अपडेट मात्र चोरट्या प्रतींनाही मिळत राहिली. तेच शहाणपणाचे होते, कारण व्हायरस लागलेला एक संगणक इतरांनाही बाधतो.

खरा वाद पेटला तो २००६ मध्ये. प्रत अस्सल नसल्याची सूचना पडद्यावर दाखवणारा एक प्रोग्रॅम एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या संगणकांवर पोचू लागला, तोही आपोआप येणाऱ्या महत्त्वाच्या अपडेटांच्या रांगेतून. जूनमध्ये लॉरेन वाइनस्टाइन या तंत्रज्ञाच्या लक्षात आले की प्रत अस्सल ठरल्यानंतरही हा प्रोग्रॅम रोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी संपर्क साधतो. कंपनीने ते मान्य केले. काही बिघडलेच तर प्रोग्रॅम दुरून बंद करता यावा, म्हणून तो रोज सर्व्हरकडून सूचना घेतो, असा तिचा खुलासा होता. पण ही गोष्ट वापरणाऱ्यांना आधी स्पष्ट सांगितलेली नव्हती. टीका वाढल्यावर रोजचा संपर्क पंधरवड्यावर आणायचे ठरले आणि जूनअखेर आलेल्या नव्या आवृत्तीतून तो काढूनच टाकला गेला.

तपासणीत काय काय जात होते? विंडोजची की, संगणकाची कंपनी व मॉडेल, बायोसची माहिती, हार्ड डिस्कचा सीरियल नंबर, भाषा आणि प्रदेश. यात कोणाचे नाव नाही की पत्ता नाही. तरीही हार्ड डिस्कच्या नंबरावरून तोच संगणक पुन्हा ओळखता येतो, आणि हे कधी पाठवले जाते हे मालकालाच ठाऊक नसेल तर त्याची संमती घेतली असे म्हणता येत नाही. त्याहून मोठे नुकसान विश्वासाचे झाले. सुरक्षेच्या नावाने येणाऱ्या अपडेटमध्ये आणखी काय दडले असेल, या धास्तीने कोणी अपडेटच बंद केले तर त्याचा संगणक व्हायरससाठी उघडा पडतो. त्याच जूनमध्ये सिअ‍ॅटलच्या न्यायालयात हा प्रोग्रॅम म्हणजे हेरगिरी असल्याचा दावा दाखल झाला. सर्व ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा चालवायला न्यायालयाने मान्यता दिली नाही आणि २०१० मध्ये प्रकरण संपले.

तपासणी चुकते तेव्हा प्रामाणिक ग्राहकही भरडला जातो. ऑगस्ट २००७ मध्ये सर्व्हरवर चुकून अपुरी तयारी झालेला कोड चढला. सुमारे १९ तास अस्सल प्रतीही बनावट ठरत राहिल्या. पैसे मोजून घेतलेल्या विंडोज व्हिस्टा आवृत्तीतल्या खिडक्यांच्या काचेसारख्या पारदर्शक कडा एकाएकी नाहीशा झाल्या. कंपनीच्या म्हणण्यानुसार बाधित संगणक बारा हजारांहून कमी होते.

२०१० मध्ये विंडोज ७ साठी आलेली तपासणी दर नव्वद दिवसांनी होणार होती. ती घेणे ऐच्छिक असल्याचे आणि नको असेल तर काढून टाकता येईल असे कंपनीने या वेळी आधीच जाहीर केले.