वजनकाट्याच्या अलीकडे

ऑस्ट्रेलियात घर आवरायला काढलं की गाडीमागे ट्रेलर जोडायचा, नको असलेलं सगळं त्यात रचायचं आणि कचरा डेपोची वाट धरायची, ही सुट्टीच्या दिवसाची नेहमीची रीत. दारावर भंगारवाला येत नाही. मजुरी इतकी महाग की मोडकी खुर्ची घरोघर फिरून गोळा करणं, दुरुस्त करून विकणं कुणा एकट्याला परवडत नाही. आपल्याकडे जे सामान देवनारच्या कचराडेपोत पोचण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी वेचून घेतलेलं असतं, ते तिथे धडधाकट अवस्थेत थेट डेपोच्या फाटकापर्यंत जातं. लाकडी कपाटं, शिवणयंत्रं, सायकली, दारं-खिडक्या, काचेच्या बरण्या, सगळं.

फाटकाशी वजनकाटा असतो. गाडी काट्यावर चढली की वजनावर पैसे. सिडनी परिसरात नुसता राज्य सरकारचा करच टनामागे १५० डॉलरहून जास्त आहे. टास्मानियाने तो १ जुलै २०२२ पासून टनामागे २० डॉलरने सुरू केला. पण बऱ्याच डेपोंवर फाटकाजवळच एक मोठी शेड असते. वापरण्याजोगी वस्तू तिथे ठेवली तर तिचे पैसे सहसा पडत नाहीत. डेपोला तिकडे ‘टिप’ म्हणतात, म्हणून या शेडला टिप शॉप.

या सगळ्या व्यवस्थेचं मर्म मला शेडच्या जागेत दिसतं. खड्ड्यात पडून बुलडोझरखाली गेलेलं टेबल कुणीही परत आणू शकत नाही. काट्याच्या अलीकडे उतरवलेलं तेच टेबल दुपारपर्यंत कुणाच्या तरी संसाराला लागतं. शेड आत लांब कोपऱ्यात असेल तर ट्रेलर रिकामा करायच्या घाईतला माणूस तिकडे वळत नाही. आणि वळलाच तरी सामान उतरवून घ्यायला, हे चालेल आणि हे नाही, हे सांगायला तिथे जाणतं माणूस हवं.

होबार्टचं दुकान या बाबतीत मला फार मोलाचं वाटतं. टास्मानियाच्या या राजधानीत, माउंट वेलिंग्टनच्या पायथ्याशी मॅकरॉबीज गली नावाच्या घळीत शहराचा डेपो आहे. तिथलं टिप शॉप ‘रिसोर्स वर्क कोऑपरेटिव्ह’ ही कामगारांची सहकारी संस्था १९९३ पासून चालवते. म्हणजे दुकानातली माणसंच संस्थेची मालक. योगायोग असा की त्याच वर्षी पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. दोन्हीकडची परिस्थिती अगदी वेगळी. पण वेचणाऱ्या हाताला माल ओळखण्याचं ज्ञान असतं आणि त्या ज्ञानाची मजुरी मिळाली पाहिजे, हे दोन्हीकडे संघटनेनेच मिळवावं लागलं.

आता खरेदीकडे. टास्मानियात हत्यारांच्या खोक्यांत आधी हात घालावा. टायटन छापाच्या पटाश्या याच बेटावर होबार्टजवळ बनत, पुढे स्टॅन्लीचे रंधेही तिथे बनले. त्यामुळे घरोघरच्या शेडमधून अजूनही ती निघतात, आणि सुतारकामाची आवड असलेले लोक जुन्या पटाश्यांचं पोलाद नव्यापेक्षा पसंत करतात. पटाशी व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवली की वरवरचा गंज सुटतो. पात्याच्या सपाट पाठीला खड्डे पडले असतील तर मात्र धार नीट बसत नाही. ती पटाशी खाली ठेवावी.

लाकूड नाकानेही ओळखता येतं. हुऑन पाइन हा टास्मानियातला अतिशय सावकाश वाढणारा वृक्ष; त्यातली काही झाडं दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. आज जिवंत झाड तोडता येत नाही, बाजारात येतं ते पूर्वीच पडलेलं किंवा वाहून आलेलं लाकूड. तेलामुळे ते सहसा कुजत नाही, आणि त्याचा गोडसर वास कित्येक वर्षं टिकतो. रंग फासलेला एखादा ओबडधोबड खण ओढून आत नाक घातलं आणि तो वास आला, तर किमतीची चिठ्ठी पुन्हा एकदा नीट वाचावी. तसंही कुठलंही कपाट पुढून बघण्यात अर्थ नाही. खण बाहेर काढून कोपऱ्यातला सांधा बघावा: लाकडाचे दाते एकमेकांत अडकवलेले असतील तर ते दुरुस्त होतं, भुशाची दाबलेली फळी पाण्याने फुगली असेल तर काहीच होत नाही. बारीक गोल भोकं आणि खाली ताजा भुगा दिसला तर कीड जिवंत आहे असं समजावं.

स्वयंपाकघराच्या फळीवर ‘फाउलर्स व्हॅकोला’च्या जाड काचेच्या बरण्या हमखास असतात. फळं टिकवण्यासाठी तिथल्या कित्येक घरांनी त्या वापरल्या. नवीन रबरी कडी मिळते, काठाचा टवका उडालेला नसला की झालं.

मेलबर्न-सिडनीला शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना एवढंच सांगेन की विजेची वस्तू तपासणीची चिठ्ठी असेल तरच घ्या. बाळाची कारमधली सीट आणि हेल्मेट जुनं नकोच. आधी बसलेला दणका बाहेरून दिसत नाही. १९७० पूर्वीच्या रंगात बहुधा शिसं असतं, तो घासू नये. अॅस्बेस्टॉसवर तिथे ३१ डिसेंबर २००३ पासून पूर्ण बंदी आहे, तरी जुन्या घरांचे पत्रे अजून निघतच असतात.

पूर्वी लोक स्वतःच ढिगावर फिरून वस्तू उचलत. रोझाली गॅस्कॉइन ही कॅनबेराची कलावती अशाच आसपासच्या उकिरड्यांवरून टवके उडालेली एनॅमलची भांडी, शीतपेयांची खोकी आणि रस्त्यांच्या जुन्या पाट्या गोळा करून आणायची. तिचं पहिलं प्रदर्शन १९७४ साली भरलं तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती, आणि १९८२ मध्ये व्हेनिस बिएनालेत ऑस्ट्रेलियाचं प्रतिनिधित्व करणारी ती पहिली स्त्री ठरली. आता सुरक्षेच्या नियमांमुळे ढिगावर कुणी जाऊ शकत नाही. ते योग्यच आहे, पण त्यामुळेच शेडची जबाबदारी वाढते.

अलीकडे किमती वाढल्याची तक्रार गिऱ्हाईक करतात. चांगली वस्तू घेऊन ऑनलाइन चौपट भावाने विकणारे आले, म्हणून दुकानंही सावध झाली. मला वाटतं, पारखलेल्या पटाशीला चार पैसे जास्त मागणं रास्त आहे, कारण त्यातून पगार निघतात. पण ताटल्या, चादरी, खुर्च्या, मुलांच्या सायकली स्वस्तच राहिल्या पाहिजेत. नवा भाडेकरू आणि बेकार माणूस त्यांच्याच आशेने तिथे येतो.

२०३० पर्यंत खड्ड्यात काहीच टाकायचं नाही, असं होबार्टच्या नगरपालिकेचं धोरण आहे. खड्डा भरायचा थांबला तरी घरं आवरली जाणारच आणि ट्रेलरही येत राहणार. तेव्हा नव्या आराखड्यात दुकानाची शेड कुठे आखली जाते, हे होबार्टकरांनी आत्तापासून विचारायला हवं.