लेकराची स्वमग्नता, आईचा विश्वास आणि भोवतीचे गैरसमज

लेकरू तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, फिरत्या पंख्याकडे तासभर टक लावून बसतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात अशा लेकराच्या आईला सल्ले घरबसल्या मिळतात. मामाही उशिराच बोलला होता, असं एक जण म्हणतो. दुसरा बाहेरचं काही झालंय म्हणतो. तिसरा म्हणतो, सैलानीला नेऊन आणा. पिंपळगाव सराईच्या त्या दर्ग्यावर मनाचे आजार घेऊन येणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात. आई ख्रिस्ती असेल, तर आणखी एक सल्ला मिळतो: अमक्या पाळकांच्या सभेला न्या, डोक्यावर हात ठेवतील. स्वमग्नतेविषयीचे, म्हणजे ऑटिझमविषयीचे, आणि श्रद्धेविषयीचे गैरसमज असे एकमेकांत गुंततात, आणि त्यांचं ओझं वाहते ती आई.

त्यातला सगळ्यात जुना आणि क्रूर गैरसमज म्हणजे ही आईबापाच्या पापाची शिक्षा आहे. ख्रिस्ती माणसानं तरी हे बोलू नये. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला नेमकं हेच विचारतात: पाप याचं की याच्या आईबापाचं? येशू दोघांनाही दोषमुक्त करतो. इतकं स्पष्ट उत्तर असूनही मंडळीत कुजबुज चालूच राहते.

विज्ञानाचे हातही इथे स्वच्छ नाहीत. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, आणि पुढची कित्येक वर्षं अनेक डॉक्टर आईच्या कोरडेपणालाच दोष देत राहिले. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी 1964 मध्ये हे मत खोडून काढलं, तरी ब्रुनो बेटेलहाइम यांनी 1967 च्या आपल्या पुस्तकात तेच पुन्हा मांडलं. आज हे निश्चित ठाऊक आहे की स्वमग्नता म्हणजे मेंदूच्या वाढीतला जन्मजात वेगळेपणा. त्यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे. आईनं गरोदरपणी रडणं, नोकरी करणं किंवा लेकराला कमी वेळ देणं ही त्याची कारणं नव्हेत.

हा दोष मनातून काढणं का गरजेचं आहे, हे नलिनी तारकेश्वर आणि केनेथ पार्गमेंट यांच्या 2001 च्या अभ्यासात दिसतं. स्वमग्न मुलांच्या ज्या पालकांना देव सोबत आहे असं वाटत होतं, त्यांना श्रद्धेचा आधार मिळत होता. देव शिक्षा देतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात खिन्नता जास्त होती. म्हणजे श्रद्धा आईला सावरतेच असं सरसकट म्हणता येत नाही. कोणती श्रद्धा, हे विचारावं लागतं.

दुसरा गैरसमज: लेकराला दुष्टात्मा लागलाय. यासाठी मार्कच्या नवव्या अध्यायातल्या मुलाचा दाखला दिला जातो. पण तो मुलगा जमिनीवर कोसळतो, त्याच्या तोंडाला फेस येतो. हे वर्णन झटक्यांचं आहे. हात फडफडवणं, एकच शब्द घोळवणं किंवा कुकरच्या शिट्टीनं कान झाकणं याच्याशी त्याचा संबंध नाही. स्वमग्न मुलांत अपस्माराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, हे मात्र खरं. झटके आले तर डॉक्टरच गाठावा. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधणं किंवा मारणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, मग ते करणाऱ्याच्या हातात लिंबू असो की बायबल.

तिसरा गैरसमज जास्त अवघड, कारण तो प्रेमाच्या भाषेत येतो: विश्वास पुरेसा असता तर लेकरू बोललं असतं. वऱ्हाडात जुन्या अलायन्स मिशनच्या अनेक मंडळ्या आहेत. त्या मिशनचे संस्थापक ए. बी. सिम्पसन यांच्या शिकवणुकीत ख्रिस्त तारणारा आहे तसाच आरोग्यदाताही आहे. मिशनच्या बोधचिन्हात क्रूस आणि मुकुटाच्या जोडीला तेलाचं पात्र आहे ते त्यासाठीच. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करणं ही तिथली जुनी रीत. त्यात वाईट काहीच नाही. वाईट ते, जे सभा संपल्यावर आईला ऐकवलं जातं.

पौलानं आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही. त्याच्या विश्वासाला कुणी कमी म्हणत नाही. आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 1883 मध्ये त्या वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या, पण कानांनी साथ दिली नाही आणि तो मार्ग बंद झाला. त्यांचा विश्वास पुढे वाढत गेला, बहिरेपण तसंच राहिलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींना त्यांच्या लेकीनं, मनोरमाबाईंनी, ब्रेल शिकवलं. तिथे प्रार्थना होती आणि शिकवणंही होतं. स्वमग्न लेकराच्या बाबतीतही हेच लागू पडतं.

म्हणून स्पीच थेरपी लावणं किंवा अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढणं म्हणजे विश्वास सोडणं, हा समज तर लेकराच्या हक्कावरच घाला आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. सर्टिफिकेट जिल्हा रुग्णालयातून, म्हणजे सिव्हिलमधून मिळतं. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्यविमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीही येते. ठरावीक प्रमाणाचं अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मूल अठराचं झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. हे शेवटचं बहुतेक आयांना फार उशिरा कळतं.

लसीमुळे स्वमग्नता येते, हेही खोटं. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा 1998 चा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं 2010 मध्ये मागे घेतला. आणि शेत विकून स्टेम सेलचे उपचार घेऊ नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते स्वमग्नतेसाठी मान्य उपचार नाहीत.

राहिला उपासनेतला गोंधळ. असं लेकरू चर्चमध्ये आणू नये, असं काहींना वाटतं. 28 नोव्हेंबर 2018 ला व्हॅटिकनच्या सभागृहात बोलता न येणारा एक लहान मुलगा थेट पोप फ्रान्सिस यांच्याजवळ मंचावर गेला आणि खेळू लागला. पोपनी त्याला खेळू दिलं. आपल्या मंडळीत मंच नको, दाराजवळचा बाक पुरे. खरं तर दर रविवारी तोच क्रम, तीच गीतं, तीच जागा हे अशा बऱ्याच मुलांना मानवतं. मानवत नाही तो स्पीकरचा कर्कश आवाज.

आणि ही आई खंबीर आहे, देवानं तिला निवडलंय, असं म्हणून तिला एकटं सोडू नका. रात्र रात्र न झोपणाऱ्या लेकराच्या आईला कौतुकापेक्षा झोप हवी असते. स्तोत्रांत देवाकडे केलेल्या तक्रारी आहेत, तेव्हा तिनंही तक्रार केली तर बिघडत नाही. भगिनी मंडळाच्या बैठकीत तिच्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण उठण्याआधी एवढं ठरवा: येत्या खेपेला सिव्हिलला तिच्यासोबत कोण जाणार, आणि तोवर तिच्या दुसऱ्या लेकराला कोण सांभाळणार.