न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग : चार वर्षांचे न्यायासन

भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यातील लाखनीसारख्या तालुक्यात वडिलोपार्जित बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या शेतांच्या, वाटणीचा दावा खालच्या न्यायालयांत न मिटल्यास तो अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे येतो. एकोणिसाव्या शतकात मात्र हा मुलूख त्या न्यायालयाच्या कक्षेत नव्हता. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात ज्युडिशियल कमिशनर हाच सर्वोच्च न्यायाधिकारी असे. नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय १९३६ मध्ये मिळाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई उच्च न्यायालयाशी जोडला गेला. त्यामुळे त्या न्यायालयात हिंदू कायद्याचा जो अर्थ लावला गेला, त्याचा वारसा आज विदर्भाचाही आहे. आणि तो घडवणाऱ्या आरंभीच्या भारतीय न्यायाधीशांत काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचे स्थान फार वरचे आहे.

 त्या काळी हिंदुस्थानात उच्च न्यायालयांच्या १८६१ च्या कायद्यानुसार न्यायाधीशांची नेमणूक ब्रिटिश राजसत्तेकडून होई आणि उच्च न्यायालयातील किमान एकतृतीयांश जागा बॅरिस्टरांसाठी व तितक्याच सनदी अधिकाऱ्यांसाठी राखीव असत. उरलेल्या थोड्या जागांवरच एतद्देशीय वकिलाला वाव होता, म्हणून तेथे पोहोचण्यास असामान्य विद्वत्ता लागे.

तेलंगांचा जन्म ऑगस्ट १८५० मध्ये मुंबईत झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून त्यांनी एम. ए. आणि एलएल. बी. या पदव्या मिळवल्या आणि १८७२ मध्ये उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे मुंबई शहरातील दावे अपिलातून नव्हे तर थेट चालवणाऱ्या शाखेत, अॅडव्होकेट म्हणून प्रवेश केला. वकिलीबरोबर संस्कृत संशोधनही चालूच होते. रामायणावर होमरचा प्रभाव असल्याचे जर्मन पंडित वेबर यांचे मत त्यांनी १८७३ मध्ये खोडून काढले, मॅक्सम्युल्लर यांच्या ग्रंथमालेसाठी भगवद्गीतेचे इंग्रजी गद्य भाषांतर केले, ते १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाचे ते सदस्य होते. १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली आणि त्याच वर्षअखेर मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनातही भाग घेतला.

१८८९ मध्ये, नानाभाई हरिदास यांच्यानंतर, तेलंग उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. वकिलांकडून मिळालेल्या इंग्रजी उताऱ्यांवर न थांबता मूळ संस्कृत ग्रंथ स्वतः तपासणे हे त्यांच्या निर्णयांचे वैशिष्ट्य होते. विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि नीळकंठभट्टाचा व्यवहारमयूख हे पश्चिम भारतात प्रमाण मानलेले दोन ग्रंथ काही ठिकाणी परस्परांशी जुळत नाहीत. स्त्रीधनाच्या, म्हणजे स्त्रीच्या स्वतःच्या मालमत्तेच्या, वारसाविषयीच्या गोजाबाई विरुद्ध शहाजीराव (१८९२) या खटल्यात तेलंगांनी शक्य तेथे दोन्ही ग्रंथांचा मेळ बसेल असाच अर्थ लावावा, असे सूत्र मांडले. पुढील वकील व न्यायाधीश त्याचा आधार घेत राहिले.

त्यांचा सर्वांत उल्लेखनीय निर्णय मात्र अल्पमताचा ठरला. आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी या १८९१ च्या खटल्यात पूर्णपीठापुढे, म्हणजे महत्त्वाच्या कायदेशीर प्रश्नासाठी एकत्र बसलेल्या अनेक न्यायाधीशांपुढे, प्रश्न असा होता की, बाप आपल्या भावांशी एकत्र असताना त्याच्या संमतीविना मुलाला वाटणी मागता येते का. बहुमताने नकार दिला. मिताक्षरेनुसार मुलाला जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळतो, मग तो मागण्याचा अधिकार बापाच्या इच्छेवर अवलंबून ठेवता येत नाही, अशी तेलंगांची भूमिका होती. जन्मसिद्ध हक्काचे हे तत्त्व २००५ च्या हिंदू उत्तराधिकार (दुरुस्ती) कायद्याने मुलींनाही लागू केले.

समाजसुधारणेच्या बाबतीत त्यांचे वर्तन विचारांशी नेहमी जुळले नाही. शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय वाढवणाऱ्या संमतिवयाच्या कायद्याला पाठिंबा देणाऱ्या तेलंगांनी स्वतःच्या मुलीचे लग्न लहान वयात लावून दिले आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. विद्वत्तेबद्दलचा आदर मात्र टिकून राहिला, आणि १८९२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले.

१ सप्टेंबर १८९३ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि उच्च न्यायालयातील त्यांची जागा महादेव गोविंद रानडे यांना मिळाली. मराठ्यांच्या बखरींवरील तेलंगांचा निबंध रानड्यांनी पुढे मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील आपल्या ग्रंथात समाविष्ट केला. उणीपुरी चार वर्षे न्यायासनावर राहूनही तेलंगांनी एक गोष्ट सिद्ध केली : धर्मशास्त्राचा अर्थ न्यायालयात लावायचा असेल, तर न्यायाधीशाला ते शास्त्र मुळातून वाचता आले पाहिजे आणि बहुमताविरुद्ध उभे राहण्याचे धैर्यही असले पाहिजे.