गुडघ्याचा प्रश्न अरबीत विचारताना

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, हे कोणी ठरवायचे? एक्स-रेमध्ये नवा सांधा नीट बसलेला दिसतो, टाके भरून येतात, डॉक्टर समाधानी असतात. पण जिना उतरताना काय होते, रात्री झोप लागते का, हे रुग्णच सांगू शकतो. आणि आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, तर उत्तर ठरलेले: "अल्हम्दुलिल्लाह, ठीक आहे." कैरो किंवा रियाधच्या दवाखान्यातही हेच उत्तर ऐकू येते. ते शुक्राचे उत्तर आहे. दुखणे किती, हे त्यातून कळत नाही.

म्हणून डॉक्टर छापील प्रश्नावली वापरतात. 1998 साली प्रसिद्ध झालेली 'ऑक्सफर्ड नी स्कोर' ही त्यांपैकी एक. तिच्यात अवघे 12 प्रश्न. गेल्या चार आठवड्यांत जेवणानंतर खुर्चीवरून उठताना किती दुखले? लंगडत चाललात का? गुडघे टेकून पुन्हा उठता आले का? एकट्याने घरची खरेदी करता आली का? प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण, एकूण 48. गुण जितके जास्त, तितका गुडघा चांगला. शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे गुण ताडून पाहिले की फरक कळतो.

ही प्रश्नावली इंग्रजीत जन्मली. ती अरबीत न्यायची तर नुसता शब्दकोश पुरत नाही. रीत अशी आहे: दोन भाषांतरकार स्वतंत्रपणे अरबी मसुदा करतात, मग दोन्हींचा मेळ घालतात. ज्यांनी मूळ प्रश्न पाहिलेलेच नाहीत, अशी माणसे त्याचे पुन्हा इंग्रजी करतात. अर्थ कुठे निसटला ते तेव्हा उघडे पडते. त्यानंतर तीस-चाळीस रुग्णांना विचारले जाते, "या प्रश्नातून तुम्हाला काय समजले?"

'गुडघे टेकणे' हेच पाहा. आजच्या अरबीत त्यासाठी 'रकअ' हे क्रियापद सर्रास वापरतात. पण नमाजी माणसाला त्यातून रुकू आठवणार. रुकूत गुडघे सरळ असतात आणि माणूस कमरेतून वाकतो. ज्याला सजद्यात जाताच येत नाही, तोही रुकू आरामात करू शकतो. प्रश्न नीट मांडला नाही, तर असा रुग्ण "हो, सहज जमते" म्हणेल आणि त्याला पूर्ण गुण मिळतील. दिवसाच्या 17 फर्ज रकातींत 34 सजदे असतात. ज्याचे 34 सजदे सुटले, तो कागदावर ठणठणीत ठरेल.

खरेदीच्या प्रश्नाचेही तसेच. ज्या घरात बाजारहाट मुलेच करतात, तिथली आजी "नाही" म्हणेल. त्यात गुडघ्याचा दोष काय? शिवाय अरबी सगळीकडे सारखी बोलली जात नाही. मोरोक्कोची बोली वेगळी, इजिप्तची वेगळी. पुस्तकी अरबी शाळेत शिकलेल्यांना कळते. शाळेत न गेलेल्या वृद्धेला प्रश्न वाचून समजावून सांगावा लागतो.

मसुदा तयार झाला की परीक्षा सुरू होते. आम्ही शिक्षक प्रश्नपत्रिकेने मुलांची परीक्षा घेतो; इथे रुग्णांकडून प्रश्नपत्रिकेचीच परीक्षा होते. ज्यांच्या प्रकृतीत बदल नाही, त्यांना काही दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारतात. गुण जवळपास तेच यायला हवेत. दुसऱ्या मान्य प्रश्नावलीशी निकाल जुळतो का, हे पाहतात. बहुतेकांना पैकीच्या पैकी गुण पडू लागले, तर पेपर फार सोपा आहे असे समजायचे.

पेपर कोणावर तपासला, हेही महत्त्वाचे. ऑक्सफर्ड प्रश्नावलीच्या अरबी रूपाची सौदी अरेबियात झालेली एक तपासणी 2017 साली प्रसिद्ध झाली. त्यातील रुग्ण गुडघ्याची झीज झालेले प्रौढ पुरुष होते. झिजेचा त्रास मात्र स्त्रियांना अधिक होतो. एका गटासाठी खरा उतरलेला पेपर दुसऱ्या गटाला तसाच लावता येत नाही. त्यांच्यासाठी तपासणी पुन्हा करावी लागते.

आपल्या घरांशी याचा संबंध काय? आपल्या आई-आजीलाही डॉक्टर प्रश्न विचारतात, तेव्हा उत्तर बहुधा सोबतचा मुलगा देतो. ते तिलाच देऊ द्या. ठणका, कळ, चमक यांतले नेमके काय, हे तिलाच ठाऊक. शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना स्पष्ट सांगा की ती जमिनीवर बसून जेवते, भाकरी थापते, सजदा करते. कृत्रिम गुडघा सहसा नमाजच्या बैठकीइतका पूर्ण दुमडत नाही, हे तिला आधीच कळायला हवे. खुर्चीवर नमाज पढण्याची सवलत शरियतने आजाऱ्याला दिलेलीच आहे. पण शस्त्रक्रियेनंतर अचानक ते समजले, तर मनाला लागते.

आणि डॉक्टरांनी "बरे आहे ना?" असे विचारले, तर अल्हम्दुलिल्लाह जरूर म्हणावे. त्यापुढे एक वाक्य आणखी बोलावे: कोणत्या पायरीवर दुखते, आणि सजद्यातून उठताना कशाचा आधार घ्यावा लागतो.